मेलेल्याची पहार

मी एक जुनी पहार हाय, मित्रांनो. अंगानं जड, पण तोंडानं लई हलकी. तेव्हा मधी कुणी बोलू नका, मला एका दमात सांगू द्या. लोखंडाला सांगायची संधी रोज मिळत न्हाय, आन् ही गोष्ट तर अशी हाय की पोटात ठेवली तर आतनं गंज चढंल.

माझा जन्म वरकुट्याच्या लोहाराच्या भात्यापुढं झाला. उसाच्या जुन्या चरकाचा दांडा मोडला व्हता, तो तापवून, ठोकून श्रीपतीनं मला घडवून घेतलं. दुसऱ्या पहारी गोल असत्यात. मी आठ धारांची. लोहार म्हणला, "श्रीपती, लई जड झाली रं. खांदा जाईल तुझा." श्रीपती म्हणला, "खांदा जाऊ दे, पाणी लागलं पाहिजे." तवा त्याला नुकतं मिसरूड फुटलं व्हतं, आन् घरात प्रयागबाई नावाची बायको आली व्हती. ती त्याच्यापेक्षा धीट.

आमचं काम विहिरी खोदायचं. शेतकऱ्याकडनं विहीर अंगावर घ्यायची, चार गडी जमवायचे, काठाला पाल ठोकायचं आन् पाणी लागंस्तवर खाली जायचं. पाणी लागलं की पाल उचलायचं आन् पुढचं गाव. प्रयागबाई वरकुट्यात, आमी रानोमाळ.

पाणी लागलं की मोठा थाट असायचा. मालक नारळ फोडायचा. मालकीण मला हळदीकुंकू लावायची, मला हात जोडायची. मला, बरं का! आन् ज्यानं मला उचललं त्याला म्हणायची, "ओंजळ धर रं, लांबनं." मग वरनं पाणी वतायची. मला लई भारी वाटायचं, खोटं कशाला सांगू. आपल्यापुढं कुणी हात जोडले की शेजारी कोण वाकलंय ते दिसत न्हाय.

छप्पन्न साली वस्तीनं धम्म घेतला. त्या दिवसापासनं श्रीपतीनं ओंजळ धरायची सोडली. "तांब्या द्या. न्हायतर तुमचं पाणी तुमालाच लखलाभ," म्हणायचा. मग जवळच्या गावात काम मिळंना. तो लांब लांब जायाला लागला. महिना महिना घरी न्हाय. प्रयागबाईच्या पदरात तवा भिमा नावाचा पोरगा व्हता. ती दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जायची.

आता ऐका, इथंच समदं फिरलं. चौसष्ट साल. डाळजची विहीर. गडी म्हणले, "दादा, दरड बोलतीया. कोसळायच्या आत आधाराला लाकडं लावू." श्रीपती म्हणला, "उद्या लावू." दुसऱ्या दिवशी माझं टोक बोथट झालं, म्हणून तो मला खांद्यावर टाकून गावातल्या लोहाराकडं गेला. टोक तापलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, चर्र झालं. तेवढ्यात रानातनं बोंब आली.

आमी पळत गेलो. विहीर न्हवतीच. नुसती माती.

खाली तिघं व्हते. माणसं जमली, बाया छाती बडवत व्हत्या. कुणीतरी ओरडलं, "श्रीपती बी खाली गेला वं!" आन् श्रीपती बाभळीच्या आडोशाला उभा. ऐकत व्हता. काम त्यानं घेतलेलं, गडी त्यानं आणलेले, "उद्या" बी त्याचाच. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर तो जिता झाला असता. त्यानं मला खांद्यावर घेतलं, घरची वाट पाठीमागं टाकली आन् बारामतीच्या अंगाला चालू लागला.

माणूस असा मरतो, मित्रांनो. लई सोपं असतं.

बारामतीकडं एका विहिरीवर शालन माती वाहायची. अनाथ पोर. श्रीपतीनं तिला सांगितलं, "माझं कुणी न्हाय." ती म्हणली, "माझं बी." झालं लग्न. विहिरीच्या काठावर, गड्यांच्या साक्षीनं. नाव मात्र त्यानं तेच ठेवलं. मरायचं कसं ते त्याला कळलं, पण नाव बदलायचं ध्यानात आलं न्हाय.

त्यांना आनंद झाला. म्हणजे आनंद नावाचा पोरगा, बाहत्तर साली. त्याला शाळेत घालायला श्रीपती मला खांद्यावर घेऊनच गेला, तसाच कामावर जायचं व्हतं. मास्तरांनी इचारलं, "धर्म?"

"बौद्ध."

"जात?"

"ती सोडली."

"अरे बाबा, रकाना हाय. कायतरी लिहावं लागतं."

"मग तितं बी बौद्धच लिहा. दुसरं काय लिहिलं तर पोरगं घिऊन चाललो."

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् तसंच लिहिलं. त्या दिवशी घरी येताना श्रीपती गाणं म्हणत व्हता. मी त्याला गाताना तवा एकदाच ऐकला.

मग यंत्रं आली. पोकलेन आलं. माणसानं महिनाभर खणायचं ते यंत्र दोन दिवसांत खणून मोकळं. मी बाजेखाली गेले. माझ्यावर मुंग्यांनी घर केलं. श्रीपती म्हातारा झाला आन् एक दिवस खरोखरचा मेला. काही वर्षांनी आनंद उसाच्या ट्रॉलीखाली गेला. घरात उरल्या तिघी. शालन, आनंदची बायको आन् त्यांची पोरगी रश्मी.

रश्मी! ही पोरगी लई गोड, आन् तिच्यासाठीच मी एवढं घसा फोडून सांगते. बारावीला चांगले मार्क पडले, नर्सिंगला सरकारी कॉलेजात नंबर लागला. वस्तीत पेढे वाटले. फक्त एक कागद पाहिजे व्हता, जात पडताळणीचा. तो मुदतीत दिला न्हाय तर सीट जाणार. खासगीत शिकायचं म्हणलं तर तिची आई सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांची भांडी घासती, तितनं काय निघणार?

पडताळणीच्या हापिसात बाबूनं आनंदचा शाळेचा दाखला वर-खाली बघितला. "बौद्ध हा धर्म झाला. जात कुठाय? आजोबांचा पुरावा आणा, पन्नासच्या आधीचा. आणि वंशावळ."

रश्मी घरी आली ती तणतणत. "आज्जे, आजा कुठला व्हता?"

"विहिरीतला," शालन म्हणली.

"चेष्टा करू नको. गाव कुठलं?"

"न्हाय ठावं."

"एवढी वर्सं संसार केलास आन् इचारलं न्हाय?"

"इचारलं की तो कूस बदलायचा. पाठीला किती इचारायचं?" मग म्हणली, "येवढं म्हाईत हाय, यष्टीत डाळज आलं की तोंड फिरवायचा. तितं जा. आन् ती पहार घिऊन जा. तुला कोण वळखणार? पहारीला वळखतील."

अशी मी बाजेखालनं निघाले, मित्रांनो! रश्मीनं मला घासली, पुसली, तिच्या मैत्रिणीच्या स्कूटीला आडवी बांधली. मैत्रीण पिंकी माझं टोक धरून मागं बसली.

"रश्मे, ही पहार हाय का तोफ?"

"नीट धर."

"पोलिसांनी अडवलं तर काय सांगू? सासू हाय म्हणू?"

"सांग, माझ्या आज्याचं आधार कार्ड हाय."

दोघी हसत सुटल्या. मला बी वारा लागत व्हता. मला वाटलं, आता समदं सरळ व्हणार.

डाळजला हायवेच्या कडंला चहाच्या टपरीवर सावळारामतात्या बसलेले. नव्वदीला टेकलेले, पण डोळा शाबूत. रश्मीनं मला पुढं केली. तात्यांनी माझ्या धारा मोजल्या. "ही श्रीपतीची. वरकुट्याच्या ओहोळांचा श्रीपती. कुठं घावली तुला?"

"माझा आजा हाय तो!" रश्मी उडालीच.

"आगं, तो तर चौसष्ट साली मेला. तिघं काढले आमी मातीतनं. ह्याला काढायच्या आत खालनं पाणी चढलं, मालकानं विहीर बुजवली. आता तर तिच्यावर धरणाचं पाणी हाय."

"न्हाय वो तात्या. माझा बाप बाहत्तरला जन्मला."

तात्यांनी चहाचा घोट घेतला. "मग कुणाचा जन्मला, पोरी?"

टपरीवरची चार माणसं हसली. पिंकी म्हणली, "चल रश्मे." रश्मीनं मला उचलली. माझं वजन तिला त्या वक्ताला पहिल्यांदा जाणवलं असंल.

तशीच स्कूटी वरकुट्याला. ओहोळांचं घर इचारत गेलो तर पुढं आला बुद्धघोष. भिमाचा पोरगा, म्हणजे श्रीपतीचा नातू. भवानीनगरच्या कारखान्यात हापिसात कामाला, इस्तरीचा शर्ट, बोलणं शुद्ध. भिमा वारलेला. बुद्धघोषनं चहा दिला, बिस्किटं दिली, समदं ऐकून घेतलं. मग आतनं एक फाईल आणली. रश्मीला कळंना, हा एवढा चांगला कसा.

फाईलीत श्रीपतीच्या जन्माची नोंद व्हती. वरकुट्याच्या जुन्या दप्तरातली, बापाच्या नावासकट, जातीसकट. बुद्धघोषनं तीच लावून स्वतःची पडताळणी करून घेतलेली.

"घावला!" रश्मी टाळी वाजवून म्हणली. "दादा, आजा घावला! आता वंशावळीवर तुमची एक सही झाली की—"

"खालचा कागद बघ," बुद्धघोष म्हणला.

खालचा कागद श्रीपतीच्या मरणाचा. चौसष्ट साल.

"तुला आजोबा सापडले, पण मेलेले सापडले," तो सावकाश म्हणला. "त्या नोंदीवर आजीला विधवेची पेन्शन आहे. त्या नोंदीवर जमीन वडिलांच्या नावावर आली, मग माझ्या. माझी मुलगी पूर्वी आता बारावीला आहे, तिची पडताळणी याच फाईलवर होणार. मेलेला माणूस मी जिवंत केला, तर आम्ही सगळे खोटे ठरतो. मी सही कशी करू?"

"पण ते खरं हाय, दादा."

"असेल. चहा घे, गार होतोय."

ओट्यावरच्या बाजेवर प्रयागबाई पडली व्हती. वाळून काटकी झालेली. ती उठून बसली आन् तिनं हात लांब केला. रश्मीनं मला तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीचा हात माझ्या एकेका धारेवरनं फिरला. मी वळखला तो हात. ह्याच हातानं ती मला फडक्यानं पुसायची. ती नुसती रश्मीकडं बघत राहिली, जशी बाजारात म्हशीकडं बघत्यात.

रश्मी काय गप्प बसणारी न्हाय. तिनं अर्ज भरला, वंशावळ काढली. वर श्रीपती, खाली दोन फांद्या, एक भिमाची, एक आनंदची. बुद्धघोषच्या सहीची जागा मोकळी. हापिसनं सांगितलं, दक्षता पथकाचे साहेब वरकुट्यात जाऊन चौकशी करतील. त्यांच्यापुढं म्हातारीनं नातं कबूल केलं, तर सहीवाचून बी चालंल.

म्हणजे समदं एका बाईच्या जिभेवर आलं.

चौकशीच्या दिवशी शालन बी आली. नवं लुगडं नेसून. दोन म्हाताऱ्या पहिल्यांदा समोरासमोर. शालन पाया पडायला वाकली तर प्रयागबाईनं पाय आखडून घेतले. साहेबांची गाडी आली, खुर्ची मांडली, गावातली माणसं दारात गोळा झाली. मला ओट्यावर आडवी ठेवली व्हती, पुरावा म्हणून. माझी छाती कशी फुगली व्हती सांगू! कितीतरी वर्सांनी माझ्याभोवती माणसं जमली व्हती.

साहेबांनी आधी शालनला इचारलं. "आजी, तुमच्या मालकांचं गाव?"

"त्यांनी सांगितलं न्हाय."

"आईवडील? भाऊ?"

"न्हाय सांगितलं."

"लग्न कुठं झालं?"

"विहिरीवर."

दारात कुणीतरी खुसखुसलं. साहेबांनी लिहिलं. मग ते बाजेकडं वळले. "आजी, ही पहार ओळखता?"

"व्हय. माझ्या मालकाची हाय."

रश्मीनं शालनचा हात घट्ट धरला.

"नक्की?"

"आठ धारा हायत. मोजा की."

"मग ही यांच्या घरी कशी?"

प्रयागबाईनं पदर सारखा केला. आवाज असा निवांत, जणू चुलीपुढं बसून बोलतीया. "ते त्यांना इचारा, सायेब. माझा मालक दरडीखाली गेला. आमाला वाटलं, पहार बी त्याच्यासंगं गेली. आज कळलं, तितनं कुणीतरी उचलून नेली. ज्यानं मेलेल्याची पहार नेली, त्यानं नाव बी नेलं असंल."

"म्हणजे या मुलीचे आजोबा..."

"चोर असंल कुणीतरी. मला काय ठावं त्याचं गाव?"

मी वरडले, मित्रांनो! म्हणलं, खोटं हाय, मी खांद्यावर व्हते, मी लोहाराकडं व्हते, मी बाभळीखाली व्हते! पण सायबाला लोखंडाचं ऐकू येत न्हाय. त्याला कागदाचं ऐकू येतं, आन् कागदावर श्रीपती मेलेला व्हता. आन् गंमत बघा. ज्या पहारीला लोक वळखतील म्हणून पोरीनं स्कूटीवर वाहून आणली, त्याच पहारीनं तिच्या आज्याला चोर केलं.

शालन आयुष्यभर ज्याच्या पाठीला पाठ लावून झोपली, तो कोण व्हता हे तिच्याकडनं ओट्यावर, माणसांपुढं, एका वाक्यात काढून घेतलं. बुद्धघोष भिंतीकडं तोंड करून उभा.

साहेबांनी वही मिटली. जाताना म्हणले, "पहार आजींकडंच राहू द्या. त्यांची वस्तू आहे."

गाडी गेली. माणसं पांगली. रश्मी ओट्यापुढं उभी राहिली. डोळ्यांत पाणी न्हवतं, आग व्हती. "आजी, आता कुणी न्हाय इथं. तो चोर व्हता का?"

प्रयागबाईनं शालनकडं बघितलं. "तू कांदे घेत व्हतीस. बारामतीच्या बाजारात. तो पिशवी धरून उभा व्हता. माझ्यासंगं बाजारात आला तर चार पावलं पुढं चालायचा. तुझी पिशवी धरली व्हती त्यानं."

शालन म्हणली, "मग हाक का न्हाय मारली, बाई?"

"मी कुंकू पुसून चार वर्सं झाली व्हती. रांडमुंड म्हणून गावानं काम दिलं, पोराला शाळंत घेतलं. नवऱ्यानं टाकलेली म्हणून काय दिलं असतं? मी तितनं मागं वळले आन् यष्टीत बसले. त्या दिवशी तो माझ्यासाठी मेला. नोंद आधीच झाली व्हती, बरंच झालं."

"त्याचं त्यानं केलं," रश्मी म्हणली. "माझं काय चुकलं वो? माझी सीट जाणार हाय."

"माझ्या बी पणतीची सीट हाय," प्रयागबाई म्हणली. मग तिनं रश्मीची हनवटी धरली, तोंड उजेडाकडं फिरवलं आन् नीट निरखून बघितलं. "नाक त्याचंच घेतलंयस," ती म्हणली. "जा आता. यष्टी चुकंल."

निकाल आला. आजोबांशी नातं सिद्ध होत नाही, अर्ज फेटाळला. सीट गेली. रश्मी आता बारामतीत एका दवाखान्यात हाय. नर्स न्हाय. नर्स सांगती तिथली फरशी पुसती. पिंकी कधी भेटली की म्हणती, "परत अर्ज कर की." रश्मी म्हणती, "कुणाच्या नावानं?" शालननं श्रीपतीचा फोटो भिंतीवरनं काढला न्हाय, पण आता त्याला ती नावानं हाक मारत न्हाय. बुद्धघोषच्या पोरीचा, पूर्वीचा, दाखला आला. वरकुट्यात पेढे वाटले.

आन् मी? मला म्हातारीनं अंगणात दगडानं ठोकून अर्धी गाडली. मला शेळी बांधत्यात. जिनं मला पुसली तीच रोज माझ्या डोक्यावर दगड घालती, खुंटा ढिला झाला म्हणून. घालू दे. तिला दुसऱ्या कुणाच्या डोक्यात घालायला मिळाला न्हाय.

जुन्या वस्तूनं गोष्ट संपवताना सांगायचं असतं की आमाला गंजू देऊ नका, तेल लावा, कोरड्यात ठेवा. मी न्हाय सांगत. मला गंजू द्या. तुमच्या घरात जो म्हातारा कूस बदलून झोपतो, त्याला आज धरून बसवा. कुठनं आलास, इचारा. तितं कुणाला ठेवून आलास, ते बी इचारा. तो चिडंल, शिव्या देईल, तरी उठू नका. कारण तो गेला की उत्तर द्यायला त्यानं मागं टाकलेली जी उरंल, मित्रांनो, ती त्याचा समदा हिशोब तुमच्या तोंडाकडं बघून करंल.